अद्भुताचा प्रपंच : उर्सुला ल ग्विन यांच्या निबंधांची प्रस्तावना

ज्या कथेतील जग प्रत्यक्ष सृष्टीच्या नियमांना बांधलेले नसते, परंतु स्वतःसाठी घालून घेतलेल्या नियमांना काटेकोरपणे बांधलेले असते, ती फँटसी, अशी या साहित्यप्रकाराची ढोबळ व्याख्या करता येईल. विज्ञानकथेतील नवल कोणत्या ना कोणत्या शास्त्रीय शक्यतेच्या आधाराने उभे राहते. फँटसीला तसा आधार लागत नाही आणि म्हणून तिच्यात काहीही खपून जाते, असा समज रूढ आहे. हा समज आयुष्यभर खोडून काढत राहिलेल्या लेखकांत अमेरिकन कादंबरीकार उर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, कारण त्यांनी कादंबऱ्यांच्या जोडीने चार दशकांहून अधिक काळ निबंध, व्याख्याने आणि टिपणे लिहून आपल्या कामाचा हिशेब जाहीरपणे मांडला. या लेखनात ड्रॅगन आणि जादूगार जसे येतात, तसेच स्वयंपाकघर, मुलांची आजारपणे, पाळीव मांजर, सकाळची न्याहारी आणि म्हातारपणही येते. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय वाटतात. परंतु ल ग्विन यांच्या लेखी कल्पनाशक्ती ही रोज करायच्या कामाइतकीच शिस्त मागणारी गोष्ट आहे, आणि कल्पित जगावर वाचकाचा विश्वास बसतो तो त्या जगातली माणसे खातात काय, राबतात कशी आणि खरकटी भांडी कोण घासते, हे लेखकाला ठाऊक असते म्हणून, हे त्यांच्या निबंधांचे मुख्य सूत्र आहे.

अद्भुताकडे संशयाने पाहण्याची सवय मराठी वाचकाला नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या आरंभीच्या कादंबऱ्या अद्भुतरम्यच होत्या. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या वास्तववादी सामाजिक कादंबरीने मराठी गद्याला जे वळण दिले, त्यानंतर 'अद्भुतरम्य' हे विशेषण समीक्षेत बहुधा कमीपणा दाखवण्यासाठीच वापरले गेले. अमेरिकेतील संशयाची मुळे मात्र वेगळी असल्याचे ल ग्विन दाखवतात. 'व्हाय आर अमेरिकन्स अफ्रेड ऑफ ड्रॅगन्स?' (१९७४) या त्यांच्या गाजलेल्या निबंधात एका मोठ्या शहरातील ग्रंथालयाचा दाखला आहे. तेथे मुलांच्या विभागात टोल्किन यांच्या 'द हॉबिट'ची चौकशी केली असता, ते पुस्तक केवळ प्रौढांच्या विभागात ठेवले आहे, कारण पलायनवाद मुलांसाठी हितकारक नसतो, असे उत्तर मिळाले. पलायनवाद म्हणजे वास्तवाला तोंड देण्याचे टाळून रम्य कल्पनेत आसरा घेणे. फँटसीवरचा हा सर्वांत जुना आरोप आहे. ल ग्विन त्याचे मूळ काम, नफा आणि उपयुक्तता यांनाच पुण्य मानणाऱ्या प्युरिटन वृत्तीत शोधतात. प्युरिटन म्हणजे सतराव्या शतकात अमेरिकेत वसाहत करणारे कडव्या आचाराचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती; त्यांचा धर्म मागे पडला, पण ज्यातून काही मिळत नाही ते करणे पाप, ही भावना व्यापारी समाजात टिकून राहिली, असे त्यांचे निदान आहे. निबंधाचा रोख विशेषतः प्रौढ, कर्तबगार पुरुषावर आहे, जो कादंबरी वाचणे कमीपणाचे समजतो आणि शेअर बाजाराचे आकडे मात्र वास्तव मानतो. ते आकडे हीसुद्धा एक कल्पितकथाच आहे, ही त्यांची टोचणी आजही बोथट झालेली नाही.

ल ग्विन यांच्या दृष्टीची जडणघडण समजून घ्यायची तर त्यांच्या माहेराकडे पाहावे लागते. त्यांचा जन्म कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतील मानवशास्त्राच्या, म्हणजे मानवी समाज आणि त्यांच्या चालीरीती यांच्या तौलनिक अभ्यासाच्या, आद्य अध्वर्यूंपैकी एक, तर आई थिओडोरा क्रोबर यांनी 'याही' नावाच्या मूळ अमेरिकन जमातीतील शेवटचा ज्ञात माणूस 'इशी' याच्यावर 'इशी इन टू वर्ल्ड्स' (१९६१) हे पुस्तक लिहिले. इशी १९१६ मध्ये वारला, त्यामुळे ल ग्विन यांनी त्याला पाहिले असण्याचा प्रश्नच नाही. परंतु नापा खोऱ्यातील क्रोबर कुटुंबाच्या उन्हाळी घरात विद्वानांचा जसा राबता असे, तसाच हुआन डोलोरेस आणि रॉबर्ट स्पॉट या मूळ अमेरिकन स्नेह्यांचाही असे. एखादा समाज अन्न कसे मिळवतो, नाती कशी जोडतो, मृतांचे काय करतो आणि कोणते शब्द उच्चारणे टाळतो, हे प्रश्न या घरात जेवणाच्या टेबलावरचे होते. कल्पित जग रचताना ल ग्विन हेच प्रश्न त्या जगाला विचारतात. मानवशास्त्रज्ञाची नजर स्वतःच्याच घराकडे वळली की काय घडते, हे इरावती कर्वे यांचे ललित निबंध वाचलेल्या मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. ल ग्विन यांनी तीच नजर आधी कुठेच नसलेल्या बेटांकडे वळवली आणि मग सावकाश घरी आणली.

ही बेटे म्हणजे 'अर्थसी', समुद्रात विखुरलेल्या शेकडो बेटांचे जग. बर्कलीतील पार्नासस प्रेस या लहान प्रकाशनसंस्थेने किशोरांसाठी पुस्तक मागितले, त्यातून 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही पहिली कादंबरी झाली. 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' (१९७१) आणि 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) यांनी त्रयी पूर्ण झाली. पहिल्या कादंबरीतील जादूचा पहिला प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरील एका खेड्यात गेड हा कासाराचा आईवेगळा पोर वाढतो आहे. झोपडीच्या शाकारलेल्या छपरावर चढून बसलेल्या शेळीला त्याची मावशी काही शब्द ओरडून खाली उतरवते, ते शब्द तो ऐकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी कुरणात स्वतः उच्चारतो. शेळ्या येतात, त्याच्याभोवती दाटी करतात आणि त्याला सोडतच नाहीत. घाबरलेला मुलगा त्यांच्या घोळक्यात अडकून तसाच गावात येतो आणि मावशीलाच तो मंत्र सोडवावा लागतो. जगातील एका श्रेष्ठ जादूगाराची कारकीर्द अशी शेळ्या वळण्याच्या कामातून सुरू होते. शब्द ठाऊक असणे आणि तो आवरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही पुढील सर्व कादंबऱ्यांची नीती या एका प्रसंगात आली आहे, आणि ती कोणा ऋषीच्या तोंडून आलेली नाही. रोक बेटावरील विद्यापीठात गेडला नंतर शिकवला जाणारा समतोलाचा सिद्धांत, म्हणजे एक खडा जरी बदलला तरी त्याचा भार सृष्टीत कुठेतरी पडतो हा विचार, ल ग्विन यांच्या ताओ या प्राचीन चिनी विचाराच्या दीर्घ व्यासंगातून आलेला आहे. लाओ त्झूच्या ग्रंथाची त्यांनी केलेली इंग्रजी आवृत्ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे आणि या बेटांवरील बहुसंख्य माणसे सावळी वा काळी आहेत. इंग्रजी फँटसीत गोरा नायक गृहीत धरला जात असताना केलेली ही निवड अनेक वाचकांच्या, आणि पुढे दूरचित्रवाणीवाल्यांच्याही, नजरेतून निसटली. २००४ च्या मालिकेत गेड गोरा दाखवला गेला तेव्हा लेखिकेने जाहीर निषेध केला.

लेखनकलेविषयीचा ल ग्विन यांचा सर्वांत धारदार निबंध 'फ्रॉम एल्फलँड टु पकीप्सी' (१९७३) हा होय. एल्फलँड म्हणजे यक्षगंधर्वांचा प्रदेश आणि पकीप्सी हे न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीकाठचे एक सामान्य शहर. पहिल्या ठिकाणी जायला निघालेला लेखक नकळत दुसऱ्या ठिकाणीच कसा राहतो, हे दाखवणे हा निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी त्यांनी एक निर्दय प्रयोग केला. कॅथरिन कर्ट्झ यांच्या 'डेरिनी' मालिकेतील एक उतारा घेऊन त्यांनी त्यातील विशेषनामे आणि मोजके शब्द तेवढे बदलले, आणि राजे-सरदारांचा तो संवाद वॉशिंग्टनमधील राजकारण्यांचा संवाद म्हणून बिनबोभाट वाचता येऊ लागला. ज्या गद्याला कोणत्याही पोशाखात वावरता येते, ते गद्य कोणत्याच जगाचे नसते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. त्यांचा युक्तिवाद असा, की वास्तववादी कादंबरीकाराला शैली काहीशी ढिली सोडून चालते, कारण त्याचे जग वाचकाच्या घराबाहेर उभेच असते. फँटसीकाराच्या जगाला मात्र त्याच्या वाक्यांखेरीज दुसरा पुरावा नसतो, आणि म्हणून शैली हा त्याचा अलंकार नसून त्याची जमीन आहे. टोल्किन, एडिसन आणि केनेथ मॉरिस हे त्यांनी या कसोटीला उतरणारे मानले आहेत. मराठीत ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्याला ही कसोटी घरबसल्या लावून पाहता येईल: गड, मोहिमा आणि मुजरे काढून घेतल्यावर जी पात्रे एखाद्या कंपनीच्या बैठकीतील अधिकाऱ्यांसारखी बोलू लागतात, त्यांचा शिवकाल केवळ पोशाखापुरता असतो.

निबंध बिनतोड आहे. तथापि त्यात एक आंधळी जागा आहे, आणि ती दाखवल्यावाचून ल ग्विन यांच्या पुढील प्रवासाचा अर्थ लागत नाही. एल्फलँडची भाषा कशी असावी हे ठरवताना येथे कान लावला आहे तो सरदारांच्या, योद्ध्यांच्या आणि जादूगारांच्या बोलण्याला. त्या जगात दूध काढणाऱ्या, सुईणपण करणाऱ्या, पोरे सांभाळणाऱ्या बायका कसे बोलतात, हा प्रश्न १९७३ मध्ये विचारलेला नाही. पहिल्या त्रयीतही बायकांची जादू दुबळी किंवा दुष्ट असते, अशा अर्थाची गाँट बेटावरील म्हण कोणत्याही प्रतिवादाविना येऊन जाते.

हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचला तो स्वतःच्या दिनक्रमातून. पॅरिसमध्ये १९५३ साली इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स ल ग्विन यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी डॉक्टरेटचे काम सोडले. पतीच्या अध्यापनामुळे कुटुंब ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे स्थिरावले, आणि तेथील थर्मन रस्त्यावरील एकाच जुन्या घरात तीन मुले वाढली, बहुतेक पुस्तकेही तेथेच लिहिली गेली. मुले लहान होती तोवर लेखन रात्री ती झोपल्यावर होई. मुले मोठी झाल्यानंतरचा, १९८० च्या दशकातील एका मुलाखतीत त्यांनी सांगितलेला आदर्श दिवस असा होता: साडेपाचला जाग, मग पडल्या पडल्या विचार, भरपेट न्याहारी, सव्वासातपासून दुपारपर्यंत लेखन, दुपारी वाचन आणि संगीत, त्यानंतर पत्रव्यवहार आणि जमल्यास घराची आवराआवर, रात्री आठनंतर आपली बुद्धी चालत नाही, अशी हसत दिलेली कबुली. प्रतिभेच्या झटक्याची वाट पाहणाऱ्या लेखकाची जी प्रतिमा लोकांच्या मनात असते, तिला या वेळापत्रकात कुठेच जागा नाही.

'द फिशरवुमन्स डॉटर' (१९८८) या दीर्घ निबंधात हा अनुभव विचाराच्या पातळीवर येतो. लेखन करणाऱ्या स्त्रीने मूल आणि पुस्तक यांतून एकाचीच निवड करावी, हा एकोणिसाव्या शतकाने रुजवलेला आणि विसाव्या शतकाने आधुनिक भाषेत चालू ठेवलेला संकेत त्या तपासतात. हॅरिएट बीचर स्टो आणि मार्गारेट ऑलिफंट यांच्यासारख्या लेखिका घरच्या गडबडीत, इतरांच्या डोळ्यांदेखत, दारावरची माणसे हाताळत लिहीत राहिल्या. तरीही 'लेखक' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती बंद खोलीतील पुरुषाचीच मूर्ती, ज्याचे जेवण कोणीतरी आणून देते. एकट्या माणसाला दोन पूर्णवेळ कामे पेलत नाहीत, पण दोघांना मिळून तीन पेलतात, असे आपल्या संसाराविषयी ल ग्विन सांगत. तिसरे काम अर्थातच घर. या वाटणीत पती बरोबरीने उभे होते हे त्यांचे भाग्य होते आणि ते तसे असल्याचे त्या मान्य करतात, म्हणूनच निबंधाला उपदेशाचा वास येत नाही. प्रकाशनव्यवहाराचा अनुभव मात्र इतका सुखाचा नव्हता. 'नाइन लाइव्ह्ज' ही कथा 'प्लेबॉय' मासिकाने स्वीकारली तेव्हा वाचक पुरुष असल्याचे कारण देऊन लेखिकेचे पहिले नाव आद्याक्षरांत झाकण्यात आले.

याच काळातील 'द कॅरिअर बॅग थिअरी ऑफ फिक्शन' (१९८६) हा लहानसा निबंध आज त्यांच्या इतर सर्व निबंधांहून अधिक उद्धृत होतो. एलिझाबेथ फिशर यांनी मांडलेली एक मानवशास्त्रीय कल्पना त्याच्या मुळाशी आहे: माणसाचे पहिले साधन भाला किंवा दंडुका नसून वेचलेले धान्य, कंदमुळे आणि तान्हे मूल वाहून नेण्याची झोळी असावी. शिकारीची हकीकत सांगायला सोपी, कारण तिला नायक, वार आणि शेवट असतो. धान्य वेचण्याची हकीकत त्या मानाने निरस वाटते, पण पोट बव्हंशी त्यावरच भरत असे. ल ग्विन येथून कादंबरीकडे वळतात आणि कादंबरी ही मुळात झोळी आहे, तिच्यात माणसे, वस्तू आणि संबंध एकत्र ठेवलेले असतात, संघर्ष हा त्यातला केवळ एक जिन्नस आहे, असा सिद्धांत मांडतात. लेखनवर्गांतून 'संघर्ष नाही तर कथा नाही' हे सूत्र शिकवले जाते, त्याला दिलेले हे उत्तर म्हणून निबंध मोलाचा आहे. मात्र झोळीतील जिन्नसांची मांडणी कशी करायची, याचे उत्तर त्यात नाही, आणि निबंधाच्या अनेक भक्तांनी ती उणीव सोयिस्करपणे दुर्लक्षित केली आहे.

ते उत्तर कादंबरीनेच दिले. त्रयी पूर्ण झाल्यानंतर १८ वर्षांनी आलेल्या 'तेहानू' (१९९०) मध्ये ल ग्विन पुन्हा गाँट बेटावर आल्या. गेडची सारी जादू संपलेली आहे. ड्रॅगनच्या पाठीवरून तो अर्धमेल्या अवस्थेत परत येतो आणि पुढे डोंगरावर शेळ्या राखायला जातो. कथा आता तेनारची आहे, जी एके काळी थडग्यांची महापुजारीण होती आणि आता एका शेतकऱ्याची विधवा आहे. तिच्या पदरी स्वतःच्याच माणसांनी आगीत टाकलेली एक होरपळलेली मुलगी आहे. समुद्रावरून परतलेला तेनारचा तरुण मुलगा भांडी घासणे हे बायकांचे काम समजून हात झटकतो, आणि त्याच घरात एके काळचा महाजादूगार ते काम निमूटपणे करतो. काही वाचकांना हा अद्भुताचा अपमान वाटला. पुस्तकाने प्रचार केल्याचा आरोपही झाला. परंतु १९७३ च्या निबंधाची कसोटी 'तेहानू'ला लावून पाहावी. गावची चेटकीण मॉसमावशी जे बोलते ते अघळपघळ, ओबडधोबड आणि गूढ आहे, आणि ते वॉशिंग्टनमध्येच काय, जगातील दुसऱ्या कोणत्याही गावात हलवता येत नाही. एल्फलँडची भाषा सरदारांच्या दिवाणखान्याइतकीच गोठ्यातही सापडते, हे ल ग्विन यांनी निबंधात लिहिले नाही; कादंबरीत सिद्ध केले. संपूर्ण अर्थसी-मालेत 'तेहानू' हेच सर्वांत धाडसी पुस्तक आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वतःचे मत बदलले की ते उघड्यावर बदलणे, हा ल ग्विन यांचा आणखी एक विशेष. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या विज्ञानकादंबरीत कायमस्वरूपी लिंगभेद नसलेल्या माणसांचा समाज रंगवताना त्यांनी सर्वांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले, आणि १९७६ च्या 'इज जेंडर नेसेसरी?' या निबंधात त्याचे समर्थन केले. पुढे १९८७ मध्ये त्यांनी जुना मजकूर न पुसता त्याच्या बाजूला नव्या टिपा छापल्या, ज्यांत हे समर्थन मागे घेतले आहे. जुने चुकलेले वाक्य वाचकासमोर तसेच ठेवण्याची ही रीत आपल्याकडील सुधारून वाढवलेल्या आवृत्त्यांच्या संस्कृतीने आवर्जून पाहावी.

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागो यांनी उतारवयात लिहिलेल्या टिपणांपासून स्फूर्ती घेऊन, ल ग्विन यांनी छोटी टिपणे लिहायला घेतली. त्यांतील निवडक 'नो टाइम टु स्पेअर' (२०१७) मध्ये आली आहेत. शीर्षकामागे हार्वर्डने १९५१ च्या पदवीधरांना पाठवलेली प्रश्नावली आहे. फावल्या वेळात काय करता, असे विचारून तिने गोल्फ, खरेदी, दूरदर्शन अशा पर्यायांच्या रांगेत लेखन, चित्रकला वगैरे 'सर्जनशील' गोष्टीही बसवल्या होत्या. आयुष्यभराचे काम छंदाच्या चौकटीत पाहून लेखिका प्रथम चिडते. मग विचार करू लागते, की ज्याचा सगळा वेळ झोपण्यात, स्वयंपाकात, लिहिण्यात, मित्रांना उत्तरे देण्यात आणि मांजराशी बोलण्यात व्यापलेला आहे, त्याला फावला वेळ तरी कुठला. दुसऱ्या एका टिपणात मऊ उकडलेले अंडे अंडपात्रात कसे बसवावे, कोणते टोक वर ठेवावे आणि कवच कसे फोडावे, याचे जवळजवळ विधीसारखे वर्णन आहे. जोनाथन स्विफ्टने अंड्याच्या टोकावरून लिलिपुटमध्ये युद्ध पेटवले होते; ल ग्विन यांना त्याच टोकात एकाग्रतेचा धडा दिसतो. म्हातारपणावरची टिपणे याहून कठोर आहेत. मनाने तरुण असाल तर तुम्ही तरुणच, हे हसतमुख वाक्य त्यांना खोटे आणि क्रूर वाटते, कारण त्यामुळे दुखणारे गुडघे हा माणसाचा स्वतःचा दोष ठरतो.

हे सर्वच लेखन एका तोलाचे नाही. पार्ड या मांजराच्या बखरीचे काही भाग मांजरप्रेमींखेरीज इतरांना लांबलेले वाटतील, आणि राजकारणावरची काही टिपणे त्या त्या प्रसंगाबरोबर विरून गेली आहेत. बाजाराविषयीची त्यांची भूमिका मात्र टिकणारी आहे. गूगलच्या ग्रंथ-अंकीकरणाच्या तडजोडीला लेखकसंघाने मान्यता दिली म्हणून त्यांनी २००९ मध्ये संघाचा राजीनामा दिला. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक स्वीकारताना, प्रकाशकांनी भरलेल्या सभागृहात, ग्रंथालयांना ई-पुस्तके चढ्या दराने विकणाऱ्या प्रकाशकांचा समाचार घेतला आणि विक्रीचा माल व साहित्य यांत फरक करण्याचे आवाहन केले. त्या भाषणात एके काळी अटळ वाटणाऱ्या राजेशाहीचे उदाहरण येते. जे आज आहे त्याहून वेगळे काही कल्पिता येणे ही राजकीय क्षमता आहे, असा त्याचा आशय, आणि ड्रॅगनविषयीच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या निबंधाचाही तोच होता.

या निबंधांकडे नव्याने वळणाऱ्या वाचकास एकच सूचना करावीशी वाटते. त्याने 'फ्रॉम एल्फलँड टु पकीप्सी' आणि 'द फिशरवुमन्स डॉटर' हे दोन निबंध एकापाठोपाठ वाचावेत, नंतर 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आणि 'तेहानू' या दोन कादंबऱ्या हाती घ्याव्यात, आणि उतारवयातील टिपणे शेवटी ठेवावीत. उलट क्रमाने वाचल्यास ल ग्विन म्हणजे मांजर आणि न्याहारीवर गोड लिहिणाऱ्या आजीबाई असा गैरसमज होण्याची भीती आहे, आणि तो त्यांना मुळीच खपला नसता.